शिस्त म्हणून खपणारी उपासमार

खाण्याचा आजार म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हाडांचा सापळा झालेली एखादी किशोरवयीन मुलगी येते. रुंद खांद्यांचा, रोज पहाटे जिम गाठणारा, प्रत्येक घास काट्यावर तोलणारा तिशीतला पुरुष येत नाही. त्याला उलट लोक विचारतात, "काय रे, डाएट काय करतोस? मलाही लिहून दे की." तो गे असेल तर कौतुक दुप्पट, कारण आसपासचे बरेच जण थोड्याफार फरकाने तेच करत असतात. अशा माणसाला 'स्वतःवर प्रेम कर' म्हणून काही होत नाही. जो दिवसभर आकडे घेऊन बसलेला असतो, त्याच्याशी आकड्यांतच बोलावं लागतं.

तर समजा, ७५ किलोचा पुरुष आहे आणि त्याच्या अंगात १८ टक्के चरबी आहे, म्हणजे साडेतेरा किलो. अगदी निरोगी प्रमाण. पोटावरचे 'पॅक्स' ठळक दिसायला बहुतेकांना १० टक्क्यांच्या आसपास यावं लागतं. स्नायू जराही न गमावता तिथे पोचायचं तर ६.७ किलो चरबी जायला हवी. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी, तेव्हा एकूण तूट झाली सुमारे ५१,५०० कॅलरींची. रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर १०३ दिवस. हा झाला कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात वजन उतरतं तसा शरीराचा खर्चही उतरतो, माणूस नकळत कमी हलतो, आणि शेवटचे दोन किलो रडवतात. तेच काम सहा आठवड्यांत उरकायचं म्हटलं तर रोजची तूट १,२०० कॅलरींच्या वर जाते आणि चरबीबरोबर स्नायूही जायला लागतो. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, यापेक्षा घाई करण्यात तोटाच जास्त.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून जो हर्ष होतो, तो बहुतेक पाण्याचा असतो. स्नायू आणि यकृत मिळून चारपाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. कर्बोदकं तोडली की साठा संपतो, पाणी निघून जातं. पुन्हा भरपेट जेवलं की ते परतही येतं. दुसऱ्या दिवशी काटा दीड किलोने वर गेलेला दिसतो आणि माणूस स्वतःला गुन्हेगार ठरवून आणखी एक जेवण टाळतो. कित्येकांचं चक्र इथूनच सुरू होतं.

आता याच माणसाला त्याच वेळी दंडही वाढवायचे असतात. इथे खरी गोची आहे. मुलींवर 'बारीक हो' असा दबाव असतो. गे पुरुषावर 'बारीक हो आणि मोठाही हो' असा. नवशिक्याला पहिले काही महिने दोन्ही थोडंथोडं जमतं. त्यानंतर स्नायू बांधायला भरपूर अन्न लागतं आणि चरबी उतरवायला कमी अन्न, म्हणजे एकाच वेळी दोन दिशांना चालणं. स्नायू वाढण्याचा वेगही लोकांना वाटतो त्यापेक्षा फार कमी असतो. औषधांशिवाय, नवशिक्याला महिन्याला अर्धा ते एक किलो, आणि काही वर्षं मुरलेल्याला वर्षाकाठी एक-दोन किलो मिळाले तरी खूप. प्रथिनं दर किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत उपयोगी पडतात, म्हणजे ७५ किलोच्या माणसाला दिवसाला १२० ग्रॅम. २.२ ग्रॅमच्या पुढे घेतल्याने स्नायू वाढत नाही, फक्त पोट गच्च होतं आणि बाकीच्या अन्नाला जागा उरत नाही.

मग डेटिंग अ‍ॅपवरची ती बिनचेहऱ्याची धडं कुठून येतात? काही जन्मजात, काही इंजेक्शनची, आणि बरीचशी एका सकाळची. आदल्या दिवशी पाणी आणि मीठ कमी, फोटोआधी पंधरा मिनिटं व्यायाम करून रक्ताने फुगवलेले स्नायू, वरून किंवा बाजूने पडणारा एकच दिवा. तोच माणूस संध्याकाळी जेवल्यावर वेगळा दिसतो. स्पर्धेच्या मंचावरचा बॉडीबिल्डर ४ ते ६ टक्के चरबीवर असतो आणि तिथे तो जेमतेम काही दिवस टिकतो. पुरुषाला जगायलाच ३ ते ५ टक्के चरबी लागते, त्यामुळे खाली उरतं तरी काय?

यातला सगळ्यात कडू विनोद वेगळाच आहे. हे सारं ज्या इच्छेसाठी चालतं, तीच आधी मरते. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी. आजच्या किती 'कटिंग प्लॅन'मध्ये (चरबी उतरवायच्या आहारात) हाच आकडा, किंवा यापेक्षा कमी, असतो ते बघा. ती मुलं चिडकी झाली, एकलकोंडी झाली, ताटातलं जेवण तास-तास पुरवू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. आणि त्यांची कामेच्छा जवळजवळ नाहीशी झाली. उपाशी शरीर टेस्टोस्टेरॉन कमी करतं, कारण दुष्काळात पुनरुत्पादन हा चैनीचा खर्च. सकाळची ताठरता आठवडेच्या आठवडे गायब असेल, हातपाय सतत गार असतील, झोप पहाटे तीनला उडत असेल, तर 'शिस्त' कामाला लागलेली नाही, शरीर दुकान आवरतंय. (पुरुषांच्या खाण्याच्या आजारात विचारायचा हा अगदी साधा प्रश्न आहे आणि डॉक्टर संकोचाने तोच विचारत नाहीत.)

हा विशिष्ट देह गे जगात एवढा पवित्र कसा झाला याचं एक कारण विसरलं जातं. १९८० च्या दशकात एड्समुळे माणसं डोळ्यांदेखत झिजत होती. अमेरिकेत १९८७ साली 'वेस्टिंग', म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक वजन घटणं आणि सोबत दीर्घ जुलाब किंवा ताप-अशक्तपणा, हे एड्सचं अधिकृत लक्षण ठरलं. बारीक दिसणं म्हणजे मरणाची चाहूल. भरलेले दंड म्हणजे 'मी ठीक आहे'ची पाटी. झीज थांबवायला डॉक्टर टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन, ऑक्सँड्रोलोन लिहून देत, म्हणजे अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड या समाजात औषध म्हणूनही आलं. १९९६ नंतर एकत्रित उपचारांनी माणसं जगू लागली, पण स्टॅव्ह्युडिनसारख्या जुन्या औषधांनी गालांतली आणि हातापायांतली चरबी जायची, चेहरा बघून लोक ओळखायचे. एका पिढीने शरीर वाचायला शिकलं ते असं. पुढच्या पिढीला भीतीचं कारण कुणी सांगितलं नाही, फक्त देहाचा साचा हातात आला.

दुसरं कारण मर्दानगीचं. ज्याला शाळेत 'बायल्या' म्हणून चिडवलं, त्याला आवाज बदलणं कठीण, चाल बदलणं कठीण, मनगटाची लकब तर अजिबात लपत नाही. खांदे मात्र वाढवता येतात. म्हणून व्यायामाचं वेळापत्रक पाहिलं की पुष्कळदा माणसाची जखम कळते. छाती-दंड-खांदे आठवड्यातून चारदा, पाय कधीतरी. 'मॅस्क फॉर मॅस्क' (मर्दानी पुरुषाला मर्दानीच हवा), 'स्ट्रेट-अ‍ॅक्टिंग', 'नो फॅट्स, नो फेम्स' (जाडे नकोत, बायकी नकोत) ही प्रोफाइलवरची वाक्यं आवड म्हणून लिहिली जातात. लठ्ठपणा आणि बायकीपणा यांना एकाच दमात नाकारण्यात काय दडलंय ते मात्र उघड आहे. मऊ शरीर म्हणजे बायकी शरीर, आणि बायकी म्हणजे पुन्हा त्या शाळेच्या आवारात. स्वतःला 'बेअर' (अस्वल) म्हणवणाऱ्या गे मंडळींनी १९८० च्या दशकात केसाळ, जाड देहाला मान मिळवून दिला, ते महत्त्वाचंच होतं. पण तिथेही दाढी आणि रुंदी हव्यात, नाजूकपणा नको. चरबी चालेल, पण ती मर्दानी हवी.

तिसरं कारण सरळ आहे. मायकल सीव्हर यांच्या १९९४ च्या अभ्यासात गे पुरुष आणि स्ट्रेट स्त्रिया या दोन गटांत शरीराबद्दलची नाराजी जास्त निघाली, आणि दोघांत सामाईक गोष्ट एकच: दोघांनाही पुरुषांना आवडायचं असतं. नजर पुरुषाची असली की देहावर येते. गे पुरुषाच्या बाबतीत त्यावर आणखी एक गाठ पडते, ती म्हणजे जो हवासा वाटतो तो आणि जो व्हावंसं वाटतं तो यांची सरमिसळ. समोरचा देह बघताना ओढ आणि तुलना एकाच क्षणी सुरू होतात. स्क्रोल करताना पोटात जे कालवतं, ती इच्छा आहे की हेवा, हे दर वेळी थांबून स्वतःला विचारणं हा चांगला सराव आहे. उत्तर 'हेवा' येऊ लागलं की ते खातं म्यूट करावं. तिथे इच्छेचं काम नाही.

हे ओळखायचं कसं? इथे वैद्यकशास्त्रही बराच काळ झोपलेलं होतं. अमेरिकन मानसोपचाराच्या डीएसएम-४ या निदान-पुस्तिकेत अ‍ॅनोरेक्सियाच्या (स्वतःला उपाशी ठेवण्याच्या आजाराच्या) निकषांत मासिक पाळी बंद होणं होतं. ते २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये काढलं गेलं. मोठं होण्याचा ध्यास, ज्यात पिळदार माणूसही स्वतःला किरकोळ समजतो, त्याला आधी 'उलटा अ‍ॅनोरेक्सिया' म्हणत. १९९७ साली हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी त्याला 'मसल डिस्मॉर्फिया' हे नाव दिलं. आजही जी पाच प्रश्नांची 'स्कॉफ' चाचणी वापरतात, तीत एक प्रश्न असा: इतर लोक तुम्हाला फार बारीक म्हणतात तेव्हा तुम्ही स्वतःला जाड समजता का? गे वर्तुळात कुणी 'फार बारीक' म्हणतच नाही, 'कसला दिसतोयस' म्हणतात. त्यामुळे उत्तर प्रामाणिकपणे 'नाही' येतं आणि चाचणी नापास होते, माणूस नव्हे.

म्हणून विचारायचे प्रश्न बदलावे लागतात. व्यायाम चुकला की त्या दिवशी जेवण कापता का? ताप असतानाही जिमला जाता का? मित्रांसोबत बाहेर जेवायला जायचं टाळता, कारण कॅलरी मोजता येणार नाहीत? दिवसातून किती वेळा टीशर्ट वर करून आरशात पोट बघता? अंधार केल्याशिवाय जवळीक शक्य होते का? 'चीट डे'ला पोट दुखेपर्यंत खाणं आणि दुसऱ्या दिवशी उपास, हे आठवड्यातून एकदा, सलग तीन महिने चाललं असेल तर त्याला चीट डे म्हणणं सोडून द्या. खाण्यावरचा ताबा सुटणं आणि मग भरपाई करणं, हे त्या वारंवारतेला बुलिमियाच्या निकषात बसतं.

आणि एक उपासमार अशी, जिच्याबद्दल कुणीच लिहीत नाही. अनेक बॉटम (गुदसंभोगात स्वीकारणाऱ्या भूमिकेतले) पुरुष भेटीच्या आधी दिवस-दिवस जेवत नाहीत, 'स्वच्छ' राहावं म्हणून. आठवड्यात दोनतीन भेटी ठरल्या की हा उपास कायमचाच होतो. शरीरशास्त्र मात्र याच्या बाजूने नाही. खाल्लेलं बाहेर पडायला साधारण २४ ते ७२ तास लागतात, म्हणून दुपारचं जेवण टाळून त्या रात्री काहीच बदलत नाही. गुदाशय एरवी बहुतेक वेळ रिकामाच असतो. मळ त्याच्या वर, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणात साठतो. फरक पडतो तो मळ बांधलेला असण्याने, आणि त्यासाठी नेमकं उलटं करावं लागतं: नियमित खाणं आणि तंतू. इसबगोल रोज पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठा चमचा, भरलेल्या ग्लासभर पाण्यासोबत, आणि आठवड्याने दुप्पट. घाईने वाढवलं तर गॅस होतो. पाणी कमी प्यायलं तर तेच बद्धकोष्ठ करतं. इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवायचं. धुणं असेल तर थोडं, कोमट, साधं पाणी. तासभर पुन्हा पुन्हा धुतलं की आतलं अस्तर चिडतं आणि संसर्गाला वाट मिळते. एवढं करून कधी गडबड झालीच, तर ती शरीराची आहे. ज्या जोडीदाराला तेवढंही चालत नाही, त्याच्यासाठी उपाशी राहणं तर मुळीच परवडत नाही.

औषधं घेणाऱ्यांसाठी काही गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात, कारण इथे जिम आणि दवाखाना एकमेकांना गोंधळात टाकतात. प्रेप म्हणून, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी, टेनोफोव्हिर असलेली गोळी घेणाऱ्याची मूत्रपिंडं रक्तातल्या क्रिएटिनिनवरून तपासतात. भरपूर स्नायू, रोजची ३ ते ५ ग्रॅम क्रिएटीन पावडर, आदल्या दिवशीचा जड व्यायाम, यातलं प्रत्येक कारण तो आकडा मूत्रपिंडाला काहीही न होता वर नेतं. डॉक्टरांना हे आधी सांगा. शंका उरली तर सिस्टॅटिन-सी तपासता येतं, ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. व्यायामानंतर एएसटी-एएलटी ही एन्झाइमंही वाढतात आणि यकृत बिघडल्यासारखा अहवाल येतो, म्हणून रक्त देण्याआधी जमलं तर आठवडाभर जड वजनं नकोत. डोल्युटेग्राव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध घेणाऱ्याने मॅग्नेशियम-झिंकच्या गोळ्या त्याच्यासोबत घेऊ नयेत. खनिजं औषधाला बांधून ठेवतात आणि ते रक्तात कमी उतरतं. औषध खनिजांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं. मास गेनरच्या (वजन वाढवायच्या पावडरीच्या) डब्यावरची बारीक अक्षरं वाचायची ती यासाठी. जे उलट्या काढतात त्यांनी हेही लक्षात ठेवावं, की प्रेपच्या गोळीनंतर तासाभरात उलटी झाली तर ती गोळी गेली असं धरून पुन्हा घ्यावी लागते. उलट्या आणि जुलाबाच्या गोळ्यांनी पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचा ठोका चुकू शकतो. वजनात मात्र बहुतेक पाणीच जातं.

स्टेरॉइडवर उपदेश करून कुणी थांबल्याचं ऐकिवात नाही, म्हणून थोडक्यात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. बंद केल्यावर ते पुन्हा सुरू व्हायला कित्येक महिने, काहींना वर्षाहून जास्त लागतं, आणि त्या पोकळीत नैराश्य गंभीर होऊ शकतं. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण), कोलेस्टेरॉल, रक्तदाब तपासत राहा, सुई कधीही वाटून घेऊ नका. डीएनपी नावाची चरबी जाळणारी पावडर मात्र कुठल्याही प्रमाणात नको. ती शरीराचं तापमान वाढवून माणूस मारते आणि तिच्यावर उतारा नाही.

बाहेर पडायचं कसं, यात पहिली पायरी जेवणाचं वेळापत्रक हीच असते, मनाची नंतर. खाण्याच्या आजारांसाठीच्या सीबीटी-ई या उपचारात सुरुवातीलाच सांगतात: तीन जेवणं, दोन किंवा तीन मधली खाणी, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही. काय खाता हे पहिले काही आठवडे दुय्यम. भूक लागली नाही तरी वेळ झाली की खायचं, कारण उपाशी शरीराची भूक-तृप्ती मोडलेली असते. इथे लोक दोन ठिकाणी चुकतात. रात्री भरमसाट खाल्लं म्हणून सकाळचा नाश्ता गाळतात आणि पुढचा झटका स्वतःच ओढवून घेतात. किंवा वेळापत्रक पाळतात, पण प्रत्येक वेळी सॅलड. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी. निष्कर्ष चार आकडे हातात आल्यावर. आरशाचं आधी फक्त मोजा, दिवसात किती वेळा पाहिलं ते लिहा. बरेच जण तो आकडा पाहूनच हादरतात. मग निम्मं करा. कॅलरीचं अ‍ॅप काढताना लोक घाबरतात, म्हणून आधी आठवड्यातला एक दिवस नोंदीशिवाय, मग दोन. जिम सोडायची गरज क्वचितच असते. आठवड्यातून दोन दिवस पूर्ण विश्रांती, आणि त्या दिवशीही तेवढंच जेवण, हे ज्याला जमत नाही, त्याला मदत लागणार आहे.

ही मदत घ्यायला जाताना तीन गोष्टी लिहून न्या: गेल्या सहा महिन्यांतलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वजन, घेत असलेली प्रत्येक पावडर-गोळी-इंजेक्शन, आणि आपण गे आहोत हे. तिसरी गाळली तर अंधारातला संकोच, भेटीआधीचा उपास, अ‍ॅपवरची तुलना, यातलं काहीच सांगता येत नाही आणि समोरचा 'थोडं कमी व्यायाम करा' म्हणून मोकळा होतो. दहा दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काही खाल्लेलं नसेल, किंवा तीन-सहा महिन्यांत १५ टक्क्यांवर वजन गेलं असेल, तर घरच्या घरी एकदम पोटभर खायला सुरुवात करू नका. अशा शरीरात अचानक अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट कोसळतं. आधी रक्त तपासून, थोड्या कॅलरींपासून, डॉक्टरांच्या नजरेखाली वाढवत न्यायचं असतं. पोट सुटलेलं, दंड भरलेले, वजन 'नॉर्मल' असलेल्या माणसालाही हे लागू आहे. तपासणाऱ्याने बघून "तुम्ही तर ठणठणीत दिसता" म्हटलं तरी फॉस्फेट आणि पोटॅशियमची चाचणी मागून घ्या.